धर्माचा रकाना

चांगुणा ओव्हाळचं पत्र मला १९८५ च्या ऑगस्टमध्ये, बारा तारखेला आलं. निळं अंतर्देशीय होतं. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पत्र मला तोंडपाठ आहे, त्यामुळे इथं उतरवण्यासाठी कपाट उघडावं लागत नाही.

"सर, सविनय जयभीम. माझ्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ असं लिहिलेलं आहे. ते मी लिहिलेलं नाही. मुलाखतीत मी बौद्ध आहे असं सांगितलं आणि दाखलाही तसाच दाखवला, तेव्हा इथले साहेब म्हणाले, तू खोटी माहिती भरलीस. अर्ज दुसऱ्या कुणी भरला असेल तर त्यानं तसं लेखी द्यावं, म्हणजे ते पुढं विचार करतील. तीस तारखेच्या आत ते इथं पोहोचलं पाहिजे. मी मामांबरोबर इथंच थांबले आहे. तुम्ही लगेच लिहाल याची खात्री आहे. आपली विद्यार्थिनी, चांगुणा तात्याराव ओव्हाळ."

ती माझी विद्यार्थिनी नव्हती. मी कुणालाच शिकवलेलं नाही. आमच्या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. मुलं मला ‘बंडप्पा सर’ म्हणायची आणि दरवेळी मला वाटायचं, खरा एखादा सर हे ऐकेल आणि हसेल. निजामाच्या राज्यात माझं शिक्षण उर्दूत झालं. मराठी मी विसाव्या वर्षानंतर पुस्तकांतून पक्की केली, आणि ती पक्की झाली आहे की नाही याची शंका मला अजून आहे. इंग्रजी बरी होती. अक्षर मात्र चांगलं होतं. त्याबद्दल मला शंका नव्हती. माझ्याकडं एवढी एकच गोष्ट होती.

त्या अक्षरामुळेच बारावीच्या मुलांचे पुढच्या प्रवेशाचे अर्ज माझ्याकडं आले. जून उजाडला की परभणी, औरंगाबाद, पुणे, सोलापूर असे लिफाफे यायचे आणि ग्रंथालयाच्या लांब टेबलावर मी बसायचो. माझी एक पद्धत होती. मुलानं आपली माहिती कच्च्या कागदावर लिहून आणायची आणि कोऱ्या अर्जावर फक्त सही करायची. बाकी सगळं मी घरी नेऊन निवांत भरायचो. अर्जाची दुसरी प्रत मिळत नसे, आणि खाडाखोड झाली तर अर्ज बाद होई.

ही पद्धत मी सोसायटीत शिकलो. ग्रंथालयात येण्याआधी अकरा वर्षं मी गावच्या पीककर्ज सोसायटीचा सेक्रेटरी होतो. बाजाराच्या दिवशी सभासद यायचे, कोऱ्या अर्जावर सही नाहीतर अंगठा करून जायचे आणि पुढचं मी सावकाश भरायचो. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. उलट एखादा अर्ज वाचायला मागायचा तर लोक त्यालाच संशयी म्हणायचे. सेक्रेटरीवर विश्वास नाही का रे, असं विचारून त्याला गप्प करायचे.

१९८५ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो, तरी जूनमध्ये अर्जांसाठी जाऊन बसलो. शिपाई गोरोबा टेबल पुसून द्यायचा आणि समोर उभा राहून टिंगल करायचा.

"सर, जन्मतारीख इचारूच नका कुणाला. समदी एक जूनचीच हैत. गुरुजीनं पयलीत नाव घालताना एकाच दिवशी बाळंतपणं केल्यात."

हे खरं होतं. निम्मे अर्ज एक जूनचे असायचे.

चांगुणा आली ती दोन अर्ज घेऊन. एक परभणीचा आणि एक उत्तरेतल्या एका केंद्र सरकारच्या कॉलेजचा. दोन्ही गुरांच्या डॉक्टरकीचे. उत्तरेतल्या कॉलेजात राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारचं होतं, म्हणून तिचा जीव त्याच्यात होता. सावळी, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. माझ्याकडं कुणी असं बघितलं की मी पुस्तकाकडं बघतो.

"म्हशीला इंजेक्शन देणार व्हय गं तू?" गोरोबा म्हणाला. "लाथ घालंल की."

"लाथा घालणारी माणसं लई बघितल्यात गोरोबामामा. म्हशीचं काय घेऊन बसलात?"

मग ती माझ्याकडं वळली. "सर, माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. वडिलांनी ते सोडलं. वडील म्हणतात, आता माझी पोरगी जित्या ढोराला हात लावंल."

 मी अर्ज पुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली.

"कोऱ्यावरच करू?"

"हो. मी घरी भरतो. तुझा कच्चा कागद आहे ना?"

तिनं कागद दिला. सुवाच्य लिहिलेला. धर्म : बौद्ध. दोन्ही अर्जांवर तिनं सह्या केल्या आणि ती गेली.

परभणीचा अर्ज मी तिच्या कागदाप्रमाणे भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेतल्या कॉलेजचं माहितीपत्रक वाचायला घेतलं. मी प्रत्येक माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचतो. मुलं वाचत नाहीत. शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टायपात राखीव जागांचा नियम होता. केंद्राच्या यादीप्रमाणे या जागा अनुसूचित जातींतल्या हिंदू आणि शीख उमेदवारांनाच होत्या. बौद्धांना नव्हत्या. आपल्या राज्यात सवलत मिळते; तिकडं मिळत नाही.

मी तो नियम तीन वेळा वाचला. चांगुणाला एक्क्याऐंशी टक्के होते. मी मनात म्हटलं, आपल्या भागातले एक्क्याऐंशी टक्के तिकडच्या खुल्या यादीत कुठं टिकणार? आणि टिकले नाहीत तर ही मुलगी परत येईल आणि तिचं लग्न लावून देतील. कितीतरी लोक दोन दाखले ठेवतात हे मला माहीत होतं. एक राज्यासाठी, एक केंद्रासाठी. सोसायटीत नाही का आपण पीक ज्वारी असेल तर ऊस लिहीत होतो, सभासदाला जास्त कर्ज मिळावं म्हणून? मी पेनात शाई भरली आणि माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात रकान्यात ‘हिंदू’ लिहिलं. पुढं जातीच्या रकान्यात तिच्या आजोबांची जात लिहिली.

तिला सांगायचं होतं. दुसरा दाखला काढून ठेव म्हणायचं होतं. तिसऱ्या दिवशी ती पोस्टाची पावती न्यायला आली. मी पावती दिली. ती म्हणाली, "सर, सगळं बरोबर भरलं ना?" मी म्हणालो, "हो." ती जिन्यापर्यंत गेली, तोवर हाक मारता आली असती. जुलैत मुलाखतीचं बोलावणं थेट तिच्या घरी गेलं. मला ते कळलं तेव्हा ती गाडीत बसली होती.

मग ऑगस्टमध्ये ते पत्र आलं.

पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं.  ‘खोटी माहिती’ हे दोन शब्द सोडून मला पुढचं काही दिसेना. माझ्या पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीसाठी पडून होते. दुसऱ्याच्या सहीवर खोटं लिहिलं म्हणजे बनावट कागद; त्याला शिक्षा काय असते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पुस्तकं वाचणाऱ्या भित्र्या माणसाला भिण्यासाठी नेमके शब्द सापडतात. मी कपाटातून तिचा कच्चा कागद काढला. ‘धर्म : बौद्ध’ असं तिच्या हातानं लिहिलेला तेवढाच पुरावा होता. परसात गेलो, आंघोळीचा बंब पेटवला आणि कागद आत टाकला.

पत्र मात्र टाकता आलं नाही. ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

रोज सकाळी ठरवायचो की आज लिहू. तीस तारीख गेली. एकतीस तारखेला मला हलकं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे. मला हलकं वाटलं.

पुढं कानावर आलं की चांगुणाला तिकडं प्रवेश मिळाला नाही, ती औरंगाबादला बी. एस्सी. करायला गेली. चला, शिकते आहे ना, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या जूनपासून अर्ज भरणं बंद केलं. डोळ्यांचं कारण सांगितलं.

गेल्या मंगळवारी, म्हणजे १९८९ च्या जूनमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या उमरग्यातल्या घरासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरं धोतर, सदरा, डोक्याला काही नाही. बरोबर एक मुलगी, हातात लिफाफा.

"बंडप्पा सर हैत का? म्या तात्याराव ओव्हाळ. माकणीकडनं आलो. चांगुणाचा बाप."

मी दारात उभा राहिलो.  मला वाटलं, आज आला. चार वर्षांनी का होईना, जाब विचारायला आला. तो माणूस मात्र हात जोडून हसत होता.

शरणम्मा, माझी बायको, आतून म्हणाली, "री, माणसं दारात उभी हैत. आत तर घ्या." ती कानडी मुलखातली, मला ‘अहो’ म्हणत नाही, ‘री’ म्हणते.

दोघं आत येऊन बसली. तात्याराव माकणीच्या धरणावर मजुरीला होते. आता धरणाचं काम संपत आलं होतं. मुलगी त्यांची पुतणी, मुक्ता. बारावी झाली होती. परभणीला अर्ज करायचा होता.

"सर, तुमचं डोळं बरं न्हाईत म्हणं. पर एवढा एक अर्ज भरा. दुसऱ्या कुणावर माजा इस्वास न्हाय."

"माझ्यावर..." मी म्हणालो आणि थांबलो.

"तुमच्यावरच. आन् एक करा. तुमी सोता भरा. पोरीच्या हातात पेन देऊ नका. धर्माच्या रकान्याला तर अजाबात न्हाय. आमच्या चांगुणानं काय केलं ते तुमाला ठावं हाय न्हवं?"

मी एवढंच विचारलं :

"चांगुणानं?"

"तुमी झाकून ठिवलं सर. तुमचं मोठेपण हाय ते. पर म्या बाप हाय, मला कळतं. पोरीनं सीटापायी हिंदू लिवलं. तिकडं पकडली गेली तवा म्हनाली, म्या न्हाय लिवलं. मामाला सांगितलं, सरांनी लिवलं आसंल. मंग तुमाला पत्र घातलं." त्यांनी मान हलवली. "तुमी उत्तर दिलं न्हाय, तवाच म्या वळकलं."

"काय ओळखलं?"

"ह्ये बघा. तुमी लिवलं आसतं, तर तुमच्यावानी माणूस लगेच लिवून देईल की व्हय बाबा, माज्या हातनं झालं. तुमी गप बसलात. म्हंजी काय? खोटं लिवायचं न्हाय, आन् पोरीलाबी उघडं पाडायचं न्हाय. म्हून गप बसलात. म्या बनाला, तिच्या आईला, म्हनालो, बग, परका माणूस पोरीची अब्रू झाकतो आन् पोरगी त्याच्याच गळ्यात घालती."

शरणम्मानं चहा आणून ठेवला. मी बशी उचलली. ती तशीच पुन्हा खाली ठेवली.

"दुष्काळाची गोष्ट सांगतो," तात्याराव म्हणाले. "भात्तर साली पाझर तलावाच्या कामावर आमी खडी फोडत व्हतो. हजेरीपटावर मुकादमानं माज्या नावाफुडं महार लिवलं. म्या म्हनालो, छप्पन साली आमी बौद्ध झालो, तसं लिवा. तो म्हनला, सई कर न्हायतर पगार न्हाय. आठ दिस म्या सई केली न्हाय. घरात सुकडीवर दिस काढलं. ही चांगुणा पाच वर्साची, माज्याजवळ बसून रोज बगायची. नवव्या दिसी मुकादमानं पट खोडून बौद्ध लिवलं. तिनं ते बगितलं, सर! आन् त्याच पोरीनं..."

 मग ते सावकाश म्हणाले, "चार साल झाली. म्या तिच्याशी बोलत न्हाय. औरंगाबादला नोकरीला लागली, गेलो न्हाय. सणाला येती, म्या धरणावर जाऊन झोपतो."

मुक्ता आतापर्यंत खाली बघून बसली होती. ती म्हणाली, "काका, ताई खोटं बोलत न्हवती."

"तू गप."

"ताईचा खुल्या यादीत नंबर लागत होता," ती माझ्याकडं बघत म्हणाली. अगदी चांगुणासारखं, डोळ्यांत बघत. "तिथल्या साहेबांनी तिला यादी दाखवली होती सर. एक्क्याऐंशी टक्क्यांवर तिचा खालून पाचवा नंबर. राखीव जागेची गरजच नव्हती. फक्त ते लेखी पाहिजे होतं. ती तीस तारखेपर्यंत रोज पोस्टात जाऊन बसायची. तोवर परभणीची तारीख पण गेली."

मी चार वर्षं जे स्वतःला सांगत आलो होतो, त्यात ‘नाहीतरी तिला प्रवेश मिळालाच नसता’ हे एक वाक्य होतं. त्याच्यावर बाकीचं सगळं उभं होतं. मुक्ताचं बोलणं ऐकताना माझ्या कानात काहीतरी बंद झालं. तिचे ओठ हलत होते ते दिसत होतं. मला वाटलं, आपल्याला झटका आला. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं, आणि त्या विचाराचीही लाज वाटली, कारण ते म्हणजे पुन्हा गप्प राहणंच.

तात्यारावांनी लिफाफ्यातून अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला. कोरा. खाली मुक्ताची सही आधीच केलेली होती.

"सई घिऊन आणली हाय," ते म्हणाले. "तुमची रीत ठावं हाय मला."

त्या कोऱ्या कागदाकडं बघून मी बोललो. 

"तात्याराव, ते मी लिहिलं."

"काय?"

"हिंदू. मी लिहिलं. तिनं कागदावर बौद्ध लिहून दिलं होतं. मी तिला न विचारता बदललं. तिनं कोऱ्या अर्जावर सही केली होती, मी सांगितलं म्हणून. तिनं काही केलेलं नाही."

ते हसले. खरंच हसले. "सर, आजून पोरीला झाकताय व्हय? बास झालं की आता."

"नाही हो." मी उठलो, कपाटाचं कुलूप काढायला लागलो. किल्ली लागेना. शरणम्मानं येऊन कुलूप काढलं. मी ते निळं पत्र त्यांच्या हातात दिलं. "हे तिचं पत्र बारा तारखेला आलं. वेळ होता. मी भिऊन लिहिलं नाही. तिच्या हातचा कागद होता, तो मी जाळला."

तात्यारावांना वाचता येत होतं. त्यांनी पत्र एक-एक शब्दावर बोट ठेवून वाचलं. ‘खात्री आहे’ तिथं बोट थांबलं. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच राहिलं होतं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं, आणि ते बघवत नव्हतं.

शरणम्मा दारात उभी होती. "री," ती हळू म्हणाली, "त्या साली भरदुपारी बंब कशाला पेटवला हे म्या तुमाला इचारलं व्हतं. तुमी म्हनालात, अंग दुकतंय."

 तात्याराव ओरडतील याची मी वाट बघत होतो. त्यांनी मला मारलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. तात्याराव उठले, बाहेर ओट्यावर गेले, चप्पल घातली, पुन्हा काढली आणि ओट्यावरच बसले. मी दारापर्यंत गेलो.

"बारा तारखेला आलं व्हतं," ते रस्त्याकडं बघत म्हणाले.

"हो."

"म्हंजी टायमात."

"हो."

"पोरगी गेल्या दिवाळीला माज्या पाया पडाय आली. म्या पाय वढून घेतलं." त्यांनी आपल्या पायांकडं बघितलं. दुसऱ्या कुणाचे तरी पाय असावेत तसं. "म्या वढून घेतलं, सर."

"तात्याराव, तुम्ही म्हणाल ते मी करतो. पोलिसात चला म्हणाल तर चलतो."

"माज्याकडं कशाला कबूल हुता? तिनं इचारलं व्हतं तुमाला. म्या न्हाय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तिला लिवा. आत्ता. म्या हितंच बसतो."

मी आत आलो. मुक्तानं अर्ज आपल्याकडं ओढून घेतला होता. "सर, पेन द्या," ती म्हणाली. मी दिलं. टेबलाच्या एका टोकाला ती आपला अर्ज भरत होती आणि दुसऱ्या टोकाला मी पत्र लिहीत होतो. तिला वेळ लागत नव्हता. मी तीन कागद फाडले. चौथा वाचून दाखवायला बाहेर नेला.

"चि. चांगुणा हिस आशीर्वाद..."

"आशीर्वाद कशाला?" तात्याराव म्हणाले.

मी ते काढलं. पुढं वाचलं. "तुझ्या १९८५ सालच्या पत्राचं उत्तर देत आहे. तुझ्या अर्जातला धर्माचा रकाना मी भरला. तुझं भलं व्हावं या हेतूनं..."

"ते काढा."

"पण हेतू तोच..."

"आसंल. ते तुमच्यापाशी ठिवा. तिला काय करायचं हाय त्याचं?"

मी पुन्हा आत गेलो. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर पुस्तकांत राहिलेला, आणि एक सरळ पत्र मला लिहिता येत नव्हतं. मी जिथं जिथं स्वतःसाठी एखादं वाक्य ठेवत होतो, तिथं तो ओट्यावरचा माणूस न बघता बोट ठेवणार होता. शेवटी जे राहिलं ते एवढं होतं :

"चांगुणा, तुझ्या १२ ऑगस्ट १९८५ रोजी मला मिळालेल्या पत्राचं हे उत्तर. तुझ्या अर्जात धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ असं मी लिहिलं. तू मला बौद्ध असं लिहून दिलं होतंस. मी तुला विचारलं नाही आणि नंतर सांगितलं नाही. तुझं पत्र वेळेत मिळालं होतं. मी घाबरून उत्तर दिलं नाही आणि तुझ्या हातचा कागद जाळला. तुझे गुण खुल्या यादीत टिकतील यावर माझा विश्वास नव्हता. ते टिकले होते हे मला आज कळलं. हे सगळं मी तुझ्या वडिलांना आज सांगितलं आहे. हे पत्र तू कुणालाही दाखवू शकतेस. बंडप्पा."

तात्यारावांनी ते स्वतः वाचलं. मग परत दिलं. "हां."

"पत्ता?" मी विचारलं.

त्यांनी मुलीकडं बघितलं. मुक्तानं पाकीट घेतलं आणि न अडखळता औरंगाबादचा पत्ता लिहिला, खोली नंबरसकट.

"तुला कसा ठावं?" तात्याराव म्हणाले.

"काकू सांगतात, म्या लिवते. दर महिन्याला. तुमी धरणावर गेल्यावर."

 त्यांनी मान खाली घातली.

पोस्टात आम्ही तिघं चालत गेलो. भर रस्त्यावरून, सोलापूर–हैदराबादचे ट्रक बाजूनं जात असताना, मी त्यांच्या दोन पावलं मागं होतो. खिडकीशी मुक्तानं आधी आपला परभणीचा अर्ज दिला. मग माझा नंबर आला. कारकुनानं पाकीट वजन केलं, तिकिटं सांगितली आणि विचारलं, "रजिस्टर? पाठवणाऱ्याचं नाव?"

मी नाव सांगितलं. हळू बोललो असेन, कारण तो म्हणाला, "मोठ्यानं सांगा काका." मी मोठ्यानं सांगितलं. रांगेतली चार माणसं वळून बघू लागली. त्यानं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.

तात्याराव बाहेर पायरीवर बसले होते. मी पावती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही, नुसती तारीख बघितली.

"कवा पोचंल?"

"शुक्रवारपर्यंत, म्हणाला."

"मंग म्या शनवारी औरंगाबादला निघतो," ते म्हणाले. "आदी तुमचं पोचू द्या."